प्रचार करा, पण स्वतःच्या नावानिशी करा

महाराष्ट्रातील सर्व राजकीय पक्षांच्या नेत्यांना एका ग्रंथपालाचे खुले पत्र

सन्माननीय नेतेमंडळी,

सविनय नमस्कार.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, सार्वजनिक वाचनालयात मी गेली २२ वर्षे ग्रंथपाल आहे. रोज सकाळी साडेसातला कुलूप उघडते. तोवर पेपरवाल्या पोराने दाराच्या फटीतून गठ्ठा आत सरकवलेला असतो. सात दैनिके येतात. प्रत्येकावर वाचनालयाचा शिक्का मारायचा, पुरवण्या वेगळ्या काढायच्या, पेपर लाकडी पट्टीत अडकवून टेबलावर लावायचे. आठच्या सुमाराला माणसे येऊ लागतात. पेन्शनर येतात, एसटीची वाट बघणारे येतात, स्पर्धा परीक्षेची पोरे-पोरी येतात, बाजाराला निघालेल्या एक-दोघी पिशवी पायाशी ठेवून दहा मिनिटे टेकतात. यांच्यापुढे मी काय ठेवते, त्याची जबाबदारी माझ्यावर आहे असे मी आजवर समजत आले. म्हणून हे पत्र.

नगरपालिकेच्या निवडणुकीआधीच्या पंधरवड्यातली गोष्ट. एकाच दिवशी दोन वेगवेगळ्या दैनिकांत आमच्या भागातल्या एका नेत्यावर अर्धे अर्धे पान मजकूर आला. एकावर 'प्रतिनिधी', दुसऱ्यावर 'वार्ताहर'. मथळे वेगळे. वाचता वाचता मी तिसऱ्या परिच्छेदात थबकले. 'कर्तृत्व' हा शब्द दोन्हीकडे 'कर्तुत्व' असा छापलेला होता. मग दोन्ही पेपर शेजारी पसरले, पट्टी लावली आणि ओळीला ओळ ताडून पाहिली. फोटोखालच्या ओळीपर्यंत मजकूर एकच. कुणीतरी एकाने लिहून दिलेला, दोघांनी बातमी म्हणून छापलेला. 'जाहिरात' हा शब्द कुठेच नव्हता.

त्याच वेळी आमचे तात्या भिंग घेऊन तेच पान वाचत होते. तात्या एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. मला म्हणाले, "मॅडम, दोन-दोन पेपरांनी लिहिलंय म्हणजे माणसात दम असणार." पावसाळ्यात पुलावरून पाणी जात असले, तर खाली उतरून काठीने खोली बघितल्याशिवाय तात्यांनी कधी गाडी पाण्यात घातली नाही. बातमीच्या बाबतीत ते स्वतः उतरून बघत नाहीत, कारण आपल्या आधी कुणीतरी उतरून बघून आले आहे, अशी त्यांची समजूत आहे. बातमी या शब्दाचा त्यांच्या लेखी तेवढाच अर्थ आहे. त्या दिवशी पाण्यात कुणीच उतरले नव्हते, आणि हे तात्यांना समजण्याची काही सोय पेपरात नव्हती.

मी एक साधे काम केले. पिवळ्या कागदाच्या चिठ्ठ्या कापल्या, त्यांवर 'हा मजकूर दुसऱ्या दैनिकातही शब्दशः असाच आला आहे' असे लिहिले आणि दोन्ही पानांना टाचणीने लावल्या. पुढच्या आठवड्यात अशा चार चिठ्ठ्या लागल्या. त्यातल्या दोन एका पक्षाच्या नेत्यावरच्या मजकुराला, दोन त्याच्या विरोधकावरच्या. पाचव्या दिवशी एक कार्यकर्ता आला. आवाज न चढवता म्हणाला, "ताई, वाचनालयात राजकारण आणू नका." संध्याकाळी आमच्या कार्यकारी मंडळाची बैठक झाली आणि चिठ्ठ्या काढायचे ठरले. अनुदानाचा प्रश्न आहे, वाद नको, असे मला सांगण्यात आले. मी चिठ्ठ्या काढल्या. नोकरी आहे, काढल्या. पण तो निर्णय मला पटलेला नाही, आणि तो मुकाट्याने गिळणेही मला जमलेले नाही.

नेतेहो, तुमच्या प्रचाराला माझा विरोध नाही. आधी एवढे स्पष्ट करते. लोकांचे मन वळवणे हे तुमचे कामच आहे आणि महाराष्ट्रात ते छापील कागदावरून करण्याची मोठी परंपरा आहे. टिळकांनी 'केसरी' चालवला तो मत घडवायलाच. डॉ. आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढला, कारण ज्यांना कुणाच्या पानावर जागा नव्हती त्यांना स्वतःचे पान हवे होते. प्रबोधनकारांचे 'प्रबोधन', संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीत १९५६ साली निघालेला अत्र्यांचा 'मराठा', पुढे १९६० चे 'मार्मिक', १९८० च्या दशकाअखेरचा 'सामना'. यांपैकी कुणीही आपण तटस्थ आहोत असे भासवले नाही. 'सामना' हातात घेणाऱ्याला तो कुणाचा आहे हे ठाऊक असते. पटले तर घेतो, नाही तर बाजूला ठेवतो. १९०८ साली 'केसरी'तल्या ज्या लेखांवरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, त्या लेखांखाली लेखकाचे नाव नव्हते. तरी संपादक म्हणून जबाबदारी माझी आहे, असे सांगून ते उभे राहिले आणि सहा वर्षांची शिक्षा भोगायला मंडालेला गेले. माझे सगळे म्हणणे एवढ्यात येते. बोलणारा कोण आहे ते ऐकणाऱ्याला कळले पाहिजे.

आणीबाणीतही एका अर्थाने ते कळत होते. २८ जून १९७५ ला 'इंडियन एक्सप्रेस'ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. ती कोरी चौकट बघून अडाण्यालाही समजले असते की इथे काहीतरी दाबले गेले आहे. त्याच वर्षाअखेर कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत उघड बोलल्या, आणि पुढे तुरुंगात गेल्या. कऱ्हाड आमच्याच जिल्ह्यातले. माझे वडील त्या मांडवात होते, आयुष्यभर ती आठवण सांगत राहिले. आज माझ्या टेबलावरच्या एकाही पेपरात कोरी जागा नसते. पाने भरलेली असतात, आणि काय दाबले ते शोधायला धागा सापडत नाही.

आता माझ्या तक्रारी सांगते.

पहिली तक्रार जाहिरातीच्या या वेषांतराचीच आहे. त्याला तुमच्या वर्तुळात 'पॅकेज' म्हणतात आणि ते आजचे नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्यावरचा स्तुतिपर मजकूर वेगवेगळ्या मराठी दैनिकांत जवळजवळ शब्दशः सारखा आल्याचे पत्रकार पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मध्ये दाखवून दिले. चव्हाणांच्या निवडणूक खर्चाच्या हिशेबात वृत्तपत्रातल्या जाहिरातींपोटी ५,३७९ रुपये दाखवलेले होते. प्रकरण पाच वर्षे चालले. जुलै २०१४ मध्ये निवडणूक आयोगाने, खर्चाचा हिशेब रीतसर दिला नाही, असे ठरवले. सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. मध्य प्रदेशात भाजपचे मंत्री नरोत्तम मिश्रा यांना २००८ च्या निवडणुकीवरून आयोगाने २०१७ मध्ये अपात्र ठरवले, २०१८ मध्ये तोही आदेश न्यायालयात टिकला नाही. उत्तर प्रदेशात बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना मात्र २०११ मध्ये तीन वर्षांसाठी अपात्र ठरवले गेले, तेही २००७ च्या निवडणुकीसाठी.

कुणा एकाला दोषी ठरवायला ही नावे घेतलेली नाहीत. न्यायालयाने सोडले, ते सुटले. सांगायचे आहे ते कायद्यातल्या भोकाबद्दल. पैसे घेऊन छापलेली बातमी हा आपल्या निवडणूक कायद्यात स्वतंत्र गुन्हाच नाही. ती पकडायची तर खर्चाच्या हिशेबात दाखवली नाही एवढ्याच वाटेने पकडता येते, आणि पैशाची पावती कुणीच फाडत नाही. प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांनी २०१० साली या विषयावर ७१ पानांचा अहवाल तयार केला, वृत्तपत्रांच्या नावानिशी. कौन्सिलने तो संपूर्ण प्रसिद्धच केला नाही, २०११ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने आदेश दिल्यावर तो लोकांसमोर आला. मार्च २०१५ मध्ये विधी आयोगाने आपल्या २५५व्या अहवालात पेड न्यूजला निवडणूक गुन्हा ठरवा, अशी शिफारस केली. त्यानंतर केंद्रात तुमच्यापैकी कुणी सत्तेत बसले, कुणी विरोधात. शिफारस आहे तिथेच आहे. निवडणुकीचे साधे पत्रक छापले तरी त्यावर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव लागते, नाही तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-क खाली सहा महिन्यांची कैद होऊ शकते. रस्त्यावर वाटायच्या कागदाला हा नियम, आणि तात्यांच्या पुढ्यातल्या अर्ध्या पानाला काहीच नाही?

दुसरी तक्रार सरकारी जाहिरातींची. इथे पैसा तुमचा नसतो, आमचा असतो. १३ मे २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की सरकारी जाहिरातीत राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश यांच्याखेरीज कुणाचे छायाचित्र नको. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष त्यावर एक झाले. केंद्र सरकार आणि वेगवेगळ्या पक्षांची राज्य सरकारे फेरविचारासाठी गेली, आणि मार्च २०१६ मध्ये मुख्यमंत्री, राज्यपाल, मंत्री यांच्या छायाचित्रांना परवानगी मिळाली. आमच्या वाचनालयात सगळ्या दैनिकांच्या फाइली आहेत. १५ ऑक्टोबर २०२४ ला विधानसभेची आचारसंहिता लागली. त्याआधीचे दिवस काढून बघा. पहिले पान उघडायच्या आधी जाहिरातीचे जॅकेट उलटावे लागते, कधी दोन. योजनांची माहिती लोकांना मिळालीच पाहिजे, मी स्वतः कित्येक बायकांचे अर्ज वाचनालयात बसून भरून दिले आहेत. पण अर्ज कुठे करायचा, कागद कोणते, मुदत कधीपर्यंत, हे त्या जाहिरातीत भिंगाने शोधावे लागते आणि चेहरे दहा फुटांवरून दिसतात. त्याच वर्षी सरकारी योजनांची माहिती लोकांपर्यंत नेणारे ५०,००० योजनादूत महिना १०,००० रुपये मानधनावर नेमायची योजना निघाली. सरकारी तिजोरीतून, सहा महिन्यांसाठी, निवडणुकीच्या तोंडावर.

या जाहिरातींचा दुसरा परिणाम मला जास्त टोचतो. आमच्या गल्लीत दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात नळाला पाचव्या दिवशी पाणी येत होते. आम्ही अकरा बायकांनी सह्यांचे निवेदन तयार केले, नगरपालिकेत दिले आणि त्याची प्रत एका दैनिकाच्या वार्ताहराच्या हातात दिली. मुलगा चांगला आहे, आमच्याच वाचनालयात अभ्यास करून मोठा झाला. त्याने बातमी लिहून पाठवली. आठवडा गेला, आली नाही. नवव्या दिवशी त्याच पेपरात पाणी योजनेच्या यशाची पानभर जाहिरात आली. मी त्याला विचारले तर मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, मला पगार नाही. जाहिरातीवर कमिशन मिळतं. साहेबांच्या वाढदिवसाची पुरवणी मीच गोळा करतो. आता त्यांच्याच विरोधात कसं लिहू?" त्या मुलावर मी रागावू शकले नाही. पाच-सात रुपयांत विकला जाणारा पेपर विक्रीच्या पैशांवर चालत नाही, हे मलाही कळते. पण त्याची ही अडचण तुम्हाला माहीत आहे, आणि तुम्ही तिचा उपयोग करून घेता. आमचे निवेदन कुणी खोडले नाही, फाडले नाही. ते छापण्याची कुणाची ऐपत नव्हती, एवढेच. जे छापले जाते त्यापेक्षा जे छापले जात नाही त्याने मत जास्त घडते, असे मला त्या दिवसापासून वाटते. पाणी येत नाही हे फक्त आमच्या गल्लीला माहीत, योजना यशस्वी झाली हे अख्ख्या जिल्ह्याला.

तिसरी तक्रार पडद्यावरची आणि फोनवरची. मार्च २०१९ च्या अखेरीस, लोकसभेच्या ऐन धामधुमीत 'नमो टीव्ही' नावाचे चॅनेल डीटीएचवर अचानक दिसू लागले. ते कुणाचे, परवाना कुणी दिला, हे काही दिवस कुणी नीट सांगेना. मग ती जाहिरात-सेवा आहे असे सांगण्यात आले, ती भाजप चालवतो हे पुढे आले, निवडणूक आयोगाने मजकूर प्रमाणित करून घ्यायला लावला. शेवटच्या टप्प्याचा प्रचार संपला आणि चॅनेलही नाहीसे झाले. फोनवर तर याची मोजदादच नाही. आमच्या तालुक्याच्या नावाचे पान असते, 'आपला तालुका', 'जागरूक नागरिक' असे काहीतरी. वर्षभर पावसाच्या बातम्या, जत्रेचे फोटो, हरवलेल्या म्हशीची खबर. निवडणूक लागली की त्याच पानावर एका उमेदवाराचे गुणगान आणि दुसऱ्याच्या घरच्यांवर शिंतोडे. पान कुणाचे, पैसे कुणाचे, पत्ता नाही. २० नोव्हेंबर २०२४ च्या मतदानाच्या आदल्या रात्री बड्या नेत्यांच्या आवाजातल्या म्हणून काही क्लिपा राज्यभर फिरल्या. आवाज आमचे नाहीत, असे त्या नेत्यांनी सांगितले. सकाळी सातला मतदान सुरू झाले. रात्री ऐकलेले ते कुणी कधी तपासायचे? बनावट ध्वनिफिती-चित्रफिती लक्षात आणून दिल्यावर तीन तासांत काढा, असे आयोगाने पक्षांना मे २०२४ मध्येच बजावले आहे. आमच्या वाचनालयातल्या पोरांच्या फोनवर अशी गोष्ट पोहोचायला तीन मिनिटे लागत नाहीत.

आणखी एक, थोडक्यात. तुम्ही तालुक्याला येता, पत्रकार परिषद घेता, निवेदन वाचून दाखवता, चहा होतो, गाड्या निघतात. प्रश्न विचारायला कुणी तोंड उघडले तर "तो विषय नंतर" असे उत्तर मिळते. दुसऱ्या दिवशी तुमचे निवेदन सगळ्या पेपरांत येते. विचारलेला प्रश्न एकातही येत नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत, आणि त्या सर्व पक्षांना सारख्याच लागू आहेत.

पैसे देऊन किंवा जाहिरातीचे आमिष दाखवून बातमी छापून आणणे हा निवडणूक गुन्हा ठरवणारी दुरुस्ती संसदेत आणा. महाराष्ट्राचे लोकसभेत ४८ खासदार आहेत. विधी आयोगाचे काम झालेले आहे, नव्याने समिती नेमायचीही गरज नाही. तुमच्या पक्षाचा याला पाठिंबा आहे की नाही, ते पुढच्या जाहीरनाम्यात एका वाक्यात लिहा.

तोवर, ज्याला कुठल्याही कायद्याची गरज नाही असे एक काम उद्यापासून करा. तुमच्या पैशाने किंवा तुमच्या कार्यालयातून लिहून गेलेला प्रत्येक मजकूर मथळ्याच्याच आकाराच्या अक्षरात 'जाहिरात' असे लिहून छापून घ्या, आणि खाली पैसे देणाऱ्याचे नाव द्या. कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात नको. आमच्याकडे मोतीबिंदू झालेली माणसे वाचायला येतात.

सरकारी जाहिरातींचा हिशेब दर महिन्याला जाहीर करा. कोणत्या दैनिकाला, वाहिनीला, फोनवरच्या पानाला किती रुपये दिले, ते माहितीच्या अधिकारात अर्ज न करता दिसले पाहिजे. निवडणुकीआधीच्या सहा महिन्यांत त्या जाहिरातींत कुणाचाही चेहरा नको, कुठल्याच पक्षाचा. अर्ज कुठे करायचा ते मोठ्या अक्षरात छापा.

पक्षाने आणि पक्षासाठी काम करणाऱ्यांनी चालवलेली सगळी पाने, चॅनेल आणि गट यांची यादी पक्षाच्या संकेतस्थळावर लावा. जे यादीत नाही ते तुमचे नाही, असे मग तुम्हालाही छातीठोकपणे सांगता येईल. मतदानाच्या आधीच्या ४८ तासांत विरोधकाबद्दल काहीही नवे पसरवणार नाही, अशी लेखी हमी सर्व पक्षांनी एकमेकांना द्या.

वर्षातून निदान दोनदा प्रत्येक आमदाराने तालुक्याच्या ठिकाणी खुली पत्रकार परिषद घ्यावी, प्रश्न आधी न मागवता. आमचा वाचनकक्ष त्यासाठी मिळेल. साठ खुर्च्या आहेत, भाडे नाही.

शेवटची मागणी माझी स्वतःची आहे, आणि ती कार्यकर्त्यांपर्यंत तुम्हीच पोहोचवू शकता. वाचनालयात कुणी दोन पेपर शेजारी ठेवून, हा मजकूर एकच आहे, असे दाखवत असेल तर त्याला थांबवायला माणूस पाठवू नका. मी कुणाला मत द्या म्हटले नाही. कुणाला देऊ नका असेही म्हटले नाही. शब्दशः सारखे असलेले शब्दशः सारखे आहे, एवढेच लिहिले. कार्यकारी मंडळाच्या येत्या सभेत चिठ्ठ्या पुन्हा लावू द्याव्यात असा अर्ज मी दिला आहे.

या पत्राचे उत्तर तुमच्यापैकी जे कुणी पाठवतील, ते वाचनालयाच्या दर्शनी फलकावर लावू द्यावे, अशी विनंतीही मी त्याच अर्जात केली आहे. एक अक्षरही न बदलता, पाठवणाऱ्याच्या नावानिशी.

आपली नम्र,

एक ग्रंथपाल
सार्वजनिक वाचनालय, जि. सातारा